तिसऱ्या मशीनची साक्ष

पाच नंबर वॉर्डातल्या सात नंबरच्या खाटेपाशी मरण दोनदा येऊन उभं राहिलं होतं. दोन्ही वेळा शुक्रवारी, दोन्ही वेळा दुपारी दोन ते तीनच्या मध्ये, खिडक्या उघड्या असताना, लख्ख उजेडात.

पहिल्या शुक्रवारी त्या खाटेवर एक निवृत्त मास्तर होते. दुसऱ्या शुक्रवारी सुतारबाबा. दोघांच्याही दंडाला नळी लावलेली, आणि नळीतून हृदयाचे ठोके आवरणारं औषध तासाला पाच मिली या बेताने आत जात होतं. तो बेत राखायला खाटेशेजारी पंप. पंपाला आकडा सांगायला वॉर्डाच्या टेबलावरचा कॉम्प्युटर. आणि दोन्ही वेळा पाचाचे पन्नास झाले होते. कुणी केले, कुणाला ठाऊक नाही. मास्तरांच्या वेळी पंपालाच बोल लागला, पंप बदलला. सुतारबाबांच्या वेळी नव्या पंपानेही तेच केलं. दोन्ही खेपेला कुणीतरी वेळेवर पाहिलं म्हणून बरं. सुतारबाबा शुद्धीवर आल्यावर म्हणाले होते, "मला वाटलं, रंधा माझ्यावरच फिरवतायत."

सगळे हसले. तारवाली हसली नाही.

तारवाली म्हणजे दवाखान्यातलं सगळं नेटवर्क सांभाळणारी. कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या तारा, त्या जिथे येऊन मिळतात त्या पेट्या, हे तिचं राज्य. तिला नावाने हाक मारणारं तिथे कुणी उरलं नव्हतं. तिची नणंद त्याच दवाखान्यात पाच नंबरची मुख्य नर्स, सगळ्यांच्या मोठ्या बाई. तीही तिला तारवालीच म्हणायची, आणि घरीसुद्धा.

सोमवारी सकाळी अधीक्षकांनी तारवालीला बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"मोठ्या बाई तुमच्या नणंद ना?"

"हो साहेब."

"त्या कॉम्प्युटरच्या नोंदीत आकडा बदलल्याचं कुठेच नाही. दोन्ही दिवशी नाही. पंप म्हणतो मला सांगितलं, कॉम्प्युटर म्हणतो मी बोललोच नाही. याचा अर्थ काय?"

अर्थ ती जाणून होती.

"नोंद पुसली," अधीक्षक म्हणाले. "आणि दोन्ही शुक्रवारी दुपारी टेबलावर एकच माणूस होतं. बाहेरचा तज्ज्ञ आणला तर बोभाटा होईल. तुम्ही शोधा. शुक्रवारपर्यंत. घरी अक्षर काढायचं नाही."

"साहेब, तोवर पंपांचं कॉम्प्युटरवरून चालणं बंद करू या ना."

"बंद केलं की करणारा सावध होणार, आणि मग काय करील सांगता येत नाही. शुक्रवारी सातपाशी मी एक नर्स बसवतो. डोळ्यांत तेल घालून बसेल. पण मला पुरावा पाहिजे. त्या कॉम्प्युटरचा नको. तो खोटं बोलतोय."

हे तिलाही पटलं. आपल्या तोंडचं आपणच सांगायचं म्हटलं की माणूससुद्धा आपल्याला वाटतं तेच सांगतो. कॉम्प्युटरचं तसंच. तो नेमकं काय बोलला हे कळायला हवं असेल, तर त्याच्यात नव्हे, बाहेर, वाटेवर बसून ऐकावं लागतं. बोलणाऱ्यालाही पत्ता नाही, ऐकणाऱ्यालाही नाही, असा तिसरा कुणीतरी.

तो तिसरा तिने कोठीघरातून काढला. एक जुना लॅपटॉप, झाकणाला तडा गेलेला. तारांच्या खोलीत, जिथे पंपांकडे जाणारी तार पेटीत शिरते, तिथे तिने पेटीला हुकूम दिला, की या तारेवरून जे जाईल-येईल त्याची एकेक नक्कल इकडेही सोड. नकलेची तार लॅपटॉपला. मग तिने लॅपटॉपला मुका केला. त्याला पत्ता दिला नाही, नाव दिलं नाही, कुणाशी बोलायची सोय ठेवली नाही. ऐकणारा मध्येच खाकरला तर सगळे सावध होतात. बाकीचे कॉम्प्युटर दवाखान्याच्या मुख्य घड्याळाला वेळ विचारायचे, तेही याचं बंद. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख बरोबर आहे एवढं तिने पाहिलं आणि ऐकणं सुरू केलं.

ओळींमागून ओळी धावू लागल्या. पंप बोलतात किती! मी इथे आहे, मी इथे आहे, माझा आकडा पाच, माझा आकडा तीन. शेकडो ओळी मिनिटाला. त्या भाऊगर्दीत हवी ती ओळ डोळ्यांना दिसणार नाही, नंतर चाळणी लावून काढावी लागते. ती बराच वेळ नुसती बघत बसली. आपण एखाद्याच्या दाराला कान लावून बसलो आहोत असं तिला वाटलं. आणि दार आपल्याच घराचं.

*

घर तिघांचं. ती, नवरा आणि नणंद. नवरा सात वर्षांचा असताना आईबाप गेले, तेव्हा मोठी बहीण एकोणीस वर्षांची. तिने भावाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावलं, आणि स्वतःचं करायचं राहूनच गेलं. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात नवरा तारवालीला म्हणाला होता, "माझ्यावर रागावलीस तर चालेल. ताईला दुखवू नकोस." तिने कधी दुखवलं नव्हतं. दुखवायची वेळच ताईने येऊ दिली नव्हती.

त्या आठवड्यात मात्र ती ताईचे हात बघू लागली. चादरीच्या घड्या घालणारे हात. कणीक मळणारे हात. नखं बारीक कापलेली, बोटं सोडा-साबणाने सुकलेली. हीच बोटं? कशासाठी? तिला कारण सापडेना, आणि कारण सापडत नाही याचीच भीती वाटे. परवा वॉर्डात कुणी काही बोललं असेल का? तीस वर्षं दुसऱ्यांची दुखणी काढून आतून काही सडलं असेल का? असलं मनात आलं की तिला स्वतःचीच शिसारी यायची, आणि देवासमोर हात जोडले तरी मागायचं काय ते सुचायचं नाही.

बुधवारी ताट वाढताना ताई म्हणाली, "तारवाले, तुझ्या खोक्याला पत्ता सापडत नाही म्हणे."

"काय?"

"आमच्या टेबलावरचं खोकं गं. मागच्या शुक्रवारीही पाटी दाखवत होतं. पत्त्याचं काहीतरी, कुणीतरी दुसराच तो पत्ता वापरतोय म्हणे. आणि मग दोन मिनिटं ढिम्म. माणसांना एकमेकांचा पत्ता लागत नाही, तर खोक्याला कुठून लागणार! मी आपलं ओके दाबलं. तूच सांगितलंयस, पाटी आली की ओके दाबा."

नवरा खो खो हसला. "ताई, हिच्या सगळ्या ज्ञानाचं सार तेवढंच आहे. ओके दाबा."

"दाबा, दाबा," तारवाली म्हणाली. ती ऐकत नव्हती. ताईने वाढपाची पळी हातात धरली होती, आणि ती पळी किती स्थिर आहे हे ती पाहत होती.

"जेव की गं. अर्धी झालीयेस. आजारी पडलीस तर माझ्याच वॉर्डात येशील, आणि मी काही सोडायची नाही तुला."

ताई गमतीने म्हणाली. तारवालीने हातातला घास ताटात परत ठेवला.

*

शुक्रवार.

दुपारी खालच्या मजल्यावर तिला नर्सांना शिकवणाऱ्या बाई भेटल्या. नव्या नर्सांचा सरावाचा वर्ग दर शुक्रवारी दोन ते तीन असायचा. "आमच्या खोलीचा रंग वाळला, पण वास काही जात नाही बाई. तीन आठवडे होत आले. आणि ऐक ना, आमचा सरावाचा पंप मुका झालाय. पडद्यावर हिरवं येतं, पंप जागचा हलत नाही. बघशील?"

"सोमवारी बघते."

"सोमवारी नक्की हं. पोरी हसतात मला."

ती वर आली. तारांच्या खोलीत खिडकी नाही, एक पंखा, एक भिंतीवरचं घड्याळ, आणि पेट्यांवर लुकलुकणारे शेकडो हिरवे ठिपके. घड्याळ दवाखान्याच्या मुख्य घड्याळाला जोडलेलं, सेकंदाचीही चूक नाही. एक पंचावन्न. तिने लॅपटॉप उघडा ठेवला आणि हात मांडीवर.

दोन. दोन पाच. दोन दहा. काही नाही, म्हणजे काही कळत नाही. ओळी धावतायत.

दोन पंधराला दार उघडलं आणि ती दचकून उठली. ताई होती. हातात डबा.

तिने खाडकन लॅपटॉप भिंतीकडे वळवला. ताईने ते पाहिलं.

"सकाळी डबा विसरून आलीस. मुद्दाम विसरलीस की काय देव जाणे. बस. माझ्यासमोर दोन घास खा, मग जाते."

"वॉर्डात कोण आहे?"

"धाकटी नर्स आहे. तिला साहेबांनी सातपाशी बसवलंय सकाळपासून. पंपाकडे बघत बस म्हणाले. मला विचारलंही नाही." ताईने डबा उघडला, झाकणात वाढलं, पुढे सरकवलं. "तारवाले, एक विचारू?"

"हं."

"माझ्यावर पहारा आहे का गं?"

तारवालीने झाकणातला घास उचलला.

"छे," तारवाली म्हणाली. "काहीतरीच काय ताई."

"नाही ना? मग ठीक. तू म्हणतेस तर नाही." ताई तिच्याकडे बघत राहिली. "तीस वर्षांत माझ्या हातून एक गोळी इकडची तिकडे झाली नाही. दोन शुक्रवार झाले, आकडा टाकताना मी तीनदा वाचते. वाटतं, म्हातारी झाले का? माझ्याच बोटांनी होतंय आणि मलाच कळत नाहीये का? तसं असलं तर मी स्वतःहून घरी बसेन. पण खरं कळायला हवं. खा ना."

तिने दोन घास गिळले. ते कुठे गेले तिला कळलं नाही. ताईने घड्याळाकडे पाहिलं. "दोन पंचवीस. चलते. डबा संपव."

ती गेली. पावलं जिन्यावर विरली न विरली तोच फोन वाजला. पलीकडे धाकटी नर्स, रडवेली.

"तारवाल्या बाई, सातचा! सातचा आकडा बदलला होता! पन्नास! मी चाक बंद केलं, नळीवरचं, साहेबांनी सांगितल्यासारखं. बाबा ठीक आहेत."

"केव्हा? नेमकं केव्हा?"

"आत्ताच हो... मघाशी... सव्वादोन असतील. घड्याळ कुणी पाहिलं!"

तारवालीने लॅपटॉप आपल्याकडे फिरवला आणि चाळणी लावली. सात नंबरचा पंप, आकडा बदला, एवढंच दाखव. हजारो ओळी गळून पडल्या. एक उरली.

वेळ दोन दहा. बोलणारा पत्ता: पाच नंबर वॉर्डाचं टेबल. सात नंबरचा पंप. आकडा पन्नास.

दोन दहा. धाकटी सातपाशी. टेबलावर ताई एकटी. आणि दोन पंधराला ताई इथे, हात पुसून, डबा घेऊन. दोन घास खा म्हणाली. पहारा आहे का विचारलं. म्हणजे ती करून आली होती. करून, जिना उतरून, या स्टुलावर बसून तिने मला भरवलं.

भीती नेहमी बाहेरून येते असं आपल्याला वाटतं. त्या क्षणी तारवालीला ती पोटात गिळलेल्या दोन घासांतून वर येताना जाणवली.

फाइल पुसायला एक बटण पुरे. तिचं बोट त्यावर गेलंही. पुसलं तर घर राहील. ताई राहील. आणि पुढच्या शुक्रवारी सातवर कोण असेल? फोन पुन्हा वाजला.

"मिळालं?" अधीक्षक.

तिने डोळे मिटले. "पाचचं कॉम्प्युटर, साहेब. दोन दहाला."

"तेव्हा टेबलावर मोठ्या बाईच ना?"

"...हो."

"बस्स. वर बोलावतो त्यांना. धाकटीलाही, जबाबाला. कागद छापून आणा."

फोन ठेवून ती छपाईचे कागद शोधत राहिली. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. तिला वाटलं, आपण घराला आतून काडी लावली. नवऱ्याला काय सांगायचं? संध्याकाळी तो दार उघडेल, दोघींऐवजी एक दिसेल, आणि विचारेल, ताई कुठंय?

*

कागद छापायचा तर आदलं-मागलंही छापायला हवं, म्हणून तिने चाळणी थोडी सैल केली आणि वरच्या ओळी पाहू लागली. तेव्हा तिला पंपांची हजेरी दिसली.

दवाखान्यातले सगळे पंप दिवसातून एकदा, दुपारी बरोबर दोनला, एकदम हजेरी देतात. ती तिनेच लावलेली शिस्त. दोन म्हणजे दोन. पंपांना कंटाळा नाही, घाई नाही.

लॅपटॉपवर हजेरी होती एक एकोणपन्नासला.

ती ओळ तिने तीनदा वाचली, ताई आकडे वाचायची तशी. मग मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन अठ्ठेचाळीस. लॅपटॉपच्या कोपऱ्यात पाहिलं. दोन सदतीस.

अकरा मिनिटं मागे. मुका करताना तिने त्याचं घड्याळाला विचारणंही तोडलं होतं, आणि कोठीतल्या त्या जुनाट डब्याची वेळ आधीच मागे पडलेली. तारीख तेवढी बघितली, वेळ बघितलीच नाही. सगळ्या दवाखान्याची घड्याळं मिळवणारी ती!

दोन दहा म्हणजे दोन एकवीस.

आणि दोन एकवीसला ताई या स्टुलावर होती. झाकणात वाढत होती. तिच्या बोटांनी काही झालं असेल, तर ते एवढंच.

तारवालीच्या तोंडून हुंदका फुटला, आणि अर्ध्यातच गोठला. कारण मग टेबलावर कुणीच नव्हतं. रिकाम्या खुर्चीसमोरचा कॉम्प्युटर बोलला होता, पाच नंबरचा पत्ता सांगून.

पत्ता सांगून. पत्ता काय, कुणीही सांगू शकतं. पण प्रत्येक कॉम्प्युटरच्या आत कारखान्यात ठोकलेला एक क्रमांक असतो, तो पत्त्यासारखा लिहून बदलत नाही. लॅपटॉपने तोही टिपला होता. तिने कपाटातून आपली वही ओढली. दवाखान्यातल्या प्रत्येक मशीनचा क्रमांक ती हाताने लिहून ठेवायची, तिची खोडच होती. पाच नंबरच्या टेबलाचा क्रमांक वेगळा निघाला. बोट खाली खाली सरकत गेलं. तळमजला. शिकवणीची खोली.

बोट तिथेच थांबलं.

ते मशीन तिनेच तयार केलं होतं, गेल्या वर्षी. नर्सांना सरावाला हुबेहूब वॉर्डासारखंच पाहिजे म्हणून पाच नंबरच्या कॉम्प्युटरची जशीच्या तशी नक्कल उतरवली होती. खाटा त्याच, पंपांची यादी तीच, नावही तेच, पत्ताही तोच. पत्ता बदलायचा राहिला होता. राहिला कसला, राहू दिला होता. हे कुठे बाहेरच्या तारेला जोडायचंय, सरावाच्या एका पंपाला तर लावायचं, असं म्हणून.

मग खोलीला रंग दिला. सामान हललं. कुणीतरी तार उचलली आणि भिंतीत दिसलं त्या भोकात घातली. म्हणून सरावाचा पंप मुका. म्हणून पडद्यावर हिरवं. पोरी सरावाला सात नंबर निवडून पन्नास लिहितात, आणि ते पन्नास वर जाऊन जिवंत माणसाच्या दंडात शिरतात. म्हणून ताईच्या टेबलावरची पाटी: तुमचा पत्ता दुसरा कुणीतरी वापरतोय. मशीन ओरडून सांगत होतं. आणि ती म्हणाली होती, ओके दाबा.

घड्याळ: दोन एक्कावन्न. वर्ग तीनपर्यंत.

तिने वॉर्डात फोन लावला. वाजत राहिला. धाकटी जबाबाला वर गेलेली. तिनेच पाठवली होती, दोन शब्द बोलून.

समोर लॅपटॉपवर चाळणी लावलेलीच होती. तिच्या डोळ्यांदेखत तिथे नवी ओळ उमटली.

सात नंबरचा पंप. आकडा पन्नास.

तिने पंपांची तार दोन्ही हातांनी धरून पेटीतून उपसली. आता खालून कुणी काही सांगू शकणार नव्हतं. पण शेवटचं सांगितलेलं पंपाने ऐकलं होतं, आणि पंप ऐकलेलं विसरत नाही. ती धावली.

जिना एकच मजल्याचा. तिला तो संपता संपेना. एक चप्पल कुठेतरी सुटली. सोड रे देवा, एवढ्या वेळी सोड, माझं माझ्यावर घाल, असं काहीबाही ती पुटपुटत होती. वॉर्डाचं टेबल रिकामं, खुर्ची मागे सरकलेली. सहा खाटांवरची सहा तोंडं तिच्याकडे वळली. सातवी खाट खिडकीशी.

पंपाचा पडदा तांबडा झाला होता. पन्नास.

आणि नळीवरचं छोटं चाक सुतारबाबांची भेटायला आलेली लेक दोन्ही अंगठ्यांनी दाबून उभी होती, ओठ घट्ट मिटून, अंगठ्यांची नखं पांढरी पडलेली. खाली थेंब पडायचे त्या काचेत एकही थेंब नव्हता.

"सोडू का?" ती म्हणाली. "सोडू का आता? माझ्याच्याने होत नाहीये."

"नको! सोडू नकोस. तुला कुणी सांगितलं हे?"

"मोठ्या बाईंनी. त्यांना वर बोलावलं ना, तेव्हा जाताना. म्हणाल्या, धाकटीलाही नेतायत, आता इथे कुणी नाही. आकडा बदलला की हे चाक खाली फिरव आणि दाबून धर, मी येईपर्यंत सोडू नकोस, देव जरी आला तरी सोडू नकोस." तिने अंगठे आणखी घट्ट रोवले. "त्या रडत होत्या हो. पण तीनदा करून दाखवलं मला."

सुतारबाबांनी डोळे किलकिले केले. "पोरगी पकडीची चांगली आहे," ते म्हणाले. "माझ्याकडेच शिकलीय."

तारवाली खाटेच्या पायथ्याशी मटकन बसली.

*

शेजारच्या सहा नंबर वॉर्डातली नर्स धावत आली, तिने पंप हाताने बंद केला, नळी बदलली. मगच तारवाली वर गेली, एका पायात चप्पल, हातात वही.

अधीक्षकांच्या खोलीत ताई कडेच्या खुर्चीत बसली होती, हात मांडीवर. पुढे एक कोरा कागद आणि पेन. धाकटी कोपऱ्यात नाक पुसत होती.

"छापलं?" अधीक्षकांनी विचारलं.

"चुकलं, साहेब. वेळ अकरा मिनिटं मागे होती. दोन एकवीसला झालंय. तेव्हा ताई माझ्यासमोर होत्या. मी साक्षीदार आहे." तिला थांबायचं नव्हतं, थांबली असती तर पुढचं निघालं नसतं. "सरावाच्या मशीनवरून जात होतं. ते मशीन मी बनवलं. पत्ता मी बदलला नाही. ताईंनी पाटी येते म्हणून सांगितलं, मी म्हटलं, ओके दाबा. आणि आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, ते पुन्हा गेलं. माझ्या फोनमुळे सातपाशी कुणी नव्हतं. बाबा वाचले ते ताईंमुळे."

अधीक्षक उठून उभे राहिले. शिकवणाऱ्या बाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, ऐकता ऐकता पांढऱ्याफटक पडल्या, "तार मीच जोडली, भोक दिसलं म्हणून," एवढंच म्हणाल्या. पुढे आवाज चढले, फोन झाले. तारवालीला त्यातलं फारसं ऐकू आलं नाही. ताईपुढचा कोरा कागद तिने आपल्याकडे ओढला आणि घडलं ते सगळं लिहून काढलं, खाली सही केली. अक्षर आपलं असूनही ओळखू येईना.

ताई एव्हाना खुर्चीतून उठली होती. ती कागदाकडे आली नाही. दाराशी जाऊन धाकटीला म्हणाली, "चल. सातची नाडी बघायची राहिलीय."

तारवाली तिच्यामागे व्हरांड्यात गेली. "ताई."

ताई थांबली. वळली नाही.

"मी विचारलं होतं तुला. पहारा आहे का म्हणून."

"हो."

"तू छे म्हणालीस. आणि मी मनात म्हटलं, हिने सांगितलं म्हणजे झालं."

खाली कुणीतरी खाट ढकलत नेत होतं, तिच्या चाकांचा खडखड आवाज लांबवर जात राहिला.

"आज संध्याकाळी माझ्याबरोबर येऊ नकोस," ताई म्हणाली. "मी एकटी चालत जाईन. घरी काय ते भावाला तू सांग, मी सांगायची नाही. अर्धं नाही, सगळं सांग."

"सांगते."

ताई चार पावलं गेली. मग तशीच पाठमोरी म्हणाली, "डबा तिथेच राहिलाय तुझ्या खोलीत. धुऊन आण. उद्या भरायला लागेल."

आणि ती पाच नंबरच्या दारातून आत गेली, सरळ खिडकीशेजारच्या खाटेकडे.